व्यापाऱ्याचें दप्तर

राजाचें दप्तर जपावें हें आपणांस कोणीं सांगावें लागत नाहीं. पेशवे दप्तराचे रुमाल पुण्यास बंदोबस्तानें ठेवलेले आहेत. कवीच्या हस्ताक्षरांतील एखादें पान आपण काचेखालीं ठेवतों, आणि एखाद्या पुढाऱ्यानें आजोबांना धाडलेलें चार ओळींचें पत्र चौकटींत बसवून दिवाणखान्यांत लावतों. व्यापाऱ्याच्या कागदांना मात्र हा मान सहसा लाभत नाहीं. दुकान बंद झालें, भावाभावांच्या वाटण्या झाल्या, किंवा जुना वाडा पाडून नवी इमारत उठवावयाची ठरली, कीं माळ्यावरच्या तांबड्या कापडी बांधणीच्या वह्यांचें गांठोडें खालीं येतें आणि रद्दीवाल्याच्या तराजूंत पडतें. ज्या वह्यांनीं जन्मभर दुसऱ्यांच्या मालाचें वजन टिपलें, त्यांचें स्वतःचें वजन एवढें एकदांच होतें.

आजचें माझें भाषण या गांठोड्याविषयीं आहे. उदाहरणासाठीं जी पेठ मीं निवडली आहे ती मुंबईची किंवा पुण्याची नव्हे. सातपुड्याच्या पायथ्याशीं वसलेल्या तळोद्याची आहे. ती कां निवडली, हें पुढें ओघानें येईलच.

आरंभींच कोणी विचारील कीं, व्यापाऱ्याच्या कागदांत जपण्यासारखें असतें तरी काय? मीठ, मिरची, तेल आणि व्याज! या प्रश्नाला इटलींतील प्रातो या गांवानें चांगलें उत्तर देऊन ठेवलें आहे. फ्लॉरेन्सजवळच्या या लहानशा गांवीं फ्रांचेस्को दातीनी नांवाचा एक व्यापारी होऊन गेला. तो १४१० सालीं वारला. त्याच्या घरांत जिन्याच्या आडोशाला पोत्यांत भरून ठेवलेले कागद १८७० सालीं उजेडांत आले. सुमारें दीड लाख पत्रें आणि पांचशेंहून अधिक हिशेबाच्या वह्या! त्याच्या वह्यांच्या आरंभीं ईश्वराचें आणि नफ्याचें नांव एकाच ओळींत आढळतें. आपल्या पेढीच्या भिंतीवर 'शुभ' आणि 'लाभ' शेजारीं शेजारीं असतात, तसेंच कांहीसें. हा मनुष्य कोणी राजा नव्हता, सेनापति नव्हता, संतही नव्हता. परंतु चौदाव्या शतकांतील युरोपांत लोंकर कोठून येई, जहाजाचा विमा कसा उतरीत, परगांवीं असलेला नवरा घरच्या कारभाराविषयीं बायकोस काय लिही, आणि ती त्याला कोणत्या शब्दांत फटकारी, हें आज आपणांस कळतें तें या पोत्यांमुळें. राजांच्या बखरींत यांतली एकही गोष्ट सांपडत नाहीं.

आपल्याकडेही असे कागद जपल्याचीं कांहीं उदाहरणें आहेत. सोलापूरच्या एका व्यापारी कुटुंबांत १८८२ सालीं जन्मलेले शेठ वालचंद हिराचंद यांचें नांव आपणां सर्वांस ठाऊक आहे. लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीदारींत रेल्वेचीं कंत्राटें घेण्यापासून त्यांनीं सुरुवात केली. १९१९ मध्यें सिंदिया जहाज कंपनी, १९४० मध्यें बंगळूरचा विमानांचा कारखाना, १९४१ मध्यें विशाखापट्टणमच्या जहाज-कारखान्याची कोनशिला, १९४४ मध्यें मोटारींची कंपनी, अशी त्यांची चढती कमान आहे. १९५३ सालीं ते वारले. त्यांचे खासगी कागद दिल्लीस तीन मूर्ति भवनाच्या आवारांतील ग्रंथालयांत अभ्यासकांसाठीं ठेवलेले आहेत. त्याच ग्रंथालयांत सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांचेही कागद आहेत. मुंबईच्या कापूस बाजाराचे हे धुरीण १८७९ मध्यें जन्मले व १९६१ मध्यें निवर्तले. १९४४ मध्यें आठ उद्योगपति व अर्थतज्ज्ञ यांनीं मिळून देशाच्या आर्थिक उभारणीची जी 'मुंबई योजना' प्रसिद्ध केली, तिच्यावर त्यांचीही सही होती. स्वातंत्र्याच्या आधींच्या काळांत सरकार, काँग्रेस आणि व्यापारी वर्ग यांचे परस्परांशीं संबंध कसे होते याचा अभ्यास करणारे विद्वान आज या कागदांवांचून पुढें पाऊल टाकीत नाहींत.

मोठ्या माणसाच्या कागदांचें एक बरें असतें. त्याला चिटणीस असतो, टंकलेखक असतो, प्रत्येक पत्राची नक्कल असते. आणि मृत्यूनंतर चरित्रकार दारीं येतो. परंतु मुंबईच्या बाजारांत पुरुषोत्तमदासांसारख्यांच्या डोळ्यांदेखत कापसाचा जो भाव फुटे, त्याचा परिणाम कोठें होई? तो खानदेशांतल्या आडत्याच्या ओट्यावर होई. तेथून तो शेतकऱ्याच्या खात्यांत उतरे, आणि अखेर त्या शेतांत राबणाऱ्या भिलाच्या पदरांत जें पडावयाचें तें पडे, किंवा पडत नसे. साखळीचें वरचें टोंक दिल्लीच्या ग्रंथालयांत आहे. खालचें टोंक तळोद्यासारख्या गांवच्या माळ्यावर आहे, आणि तें उंदीर, वाळवी व रद्दीवाला यांच्या स्वाधीन आहे.

तळोदा हें आज नंदुरबार जिल्ह्यांतील तालुक्याचें ठिकाण आहे. हा जिल्हा १९९८ मध्यें धुळें जिल्ह्यांतून वेगळा झाला. त्यापूर्वीं १९०६ पासून हा मुलूख पश्चिम खानदेश या नांवानें ओळखला जाई. गांवाच्या दक्षिणेस तापीचें सपाट, काळ्या मातीचें खोरें, आणि उत्तरेस सातपुड्याच्या रांगा व अक्राणीचा डोंगराळ प्रदेश. डोंगर आणि मैदान यांच्या सांध्यावर हें गांव असल्यामुळें तेथें बाजारपेठ वाढली. इंग्रजी अमदानींतील गॅझेटियरांत तळोद्याची ओळख खानदेशांतील लाकडाची मुख्य पेठ अशी करून दिलेली आहे. रोशा गवताच्या सुगंधी तेलाचा व धान्याचा व्यापारही येथें चाले. आणि खानदेशांतील उत्तम बैलगाड्या येथेंच तयार होत, त्यांची किंमत सुमारें ४० रुपये पडे, असेंही तेथें नमूद आहे. नगरपालिका तर या गांवीं १८६७ सालींच स्थापन झाली. डोंगरांतून भिल्ल आणि पावरे लोक लाकूड, गवत, डिंक, मोहाचीं फुलें घेऊन उतरत. खालून गुजराती, मारवाडी आणि मराठी व्यापारी मीठ, कापड, गूळ आणि रोख पैसा घेऊन बसत. एका बाजूला लिहितां येणारा, दुसऱ्या बाजूला न येणारा. आणि दोघांच्या मध्यें एक वही. ही पेठ मीं निवडली ती यासाठीं.

अशा पेठेंतील एखाद्या व्यापाऱ्याचें दप्तर सोडलें तर त्यांत काय काय निघेल? प्रथम हातीं येईल तो रोजमेळ. दिवाळींत चोपडीपूजन झालें, कीं कोऱ्या वहीच्या पहिल्या पानावर कुंकवाचें बोट उठे. 'श्री' हें अक्षर एकापासून चढत्या संख्येनें, देवळाच्या शिखरासारखें लिहिलें जाई. आणि कार्तिक शुद्ध प्रतिपदेपासून नवें वर्ष सुरू होई. रोजमेळांत त्या त्या दिवसाची रोकड येते: डाव्या बाजूस जमा, उजव्या बाजूस नांवें, आणि शेवटीं शिल्लक. रोजमेळांतून मग खतावणी, म्हणजे प्रत्येक कुळाचें निराळें खातें. कोणी कोणत्या महिन्यांत किती जोंधळे उचलले, बैलासाठीं किती रुपये घेतले, मुलीच्या लग्नास किती, आणि होळीच्या सणास किती, हें सारें एका पानावर दिसतें. डोंगरांतल्या माणसाचें वर्ष कसें जाई, तें त्यानें स्वतः कोठेंच लिहून ठेवलेलें नाहीं. तें लिहिलें आहे व्यापाऱ्यानें, आणि तेंही स्वतःच्या नफ्यासाठीं.

त्यानंतर हुंड्या. ज्यांनीं हुंडी पाहिली नसेल त्यांनीं ती एकदां अवश्य पाहावी. रक्कम अंकीं व अक्षरीं लिहून व्यापाऱ्याचें समाधान होत नसे. हजार रुपयांची हुंडी असेल, तर त्यांत 'निमे पांचशें, त्यांची दुप्पट पुरे' अशीही फोड करीत, म्हणजे मधल्या मध्यें कोणी शून्य वाढवूं नये. पैसे फिटलेल्या हुंडीला खोका म्हणत. हुंडी हरवली तर दुसरी प्रत ती पेठ, आणि तीही हरवली तर तिसरी ती परपेठ. दाखवितांच पैसे द्यावयाचे ती दर्शनी, कांहीं दिवसांनीं द्यावयाचे ती मुदती. तळोद्याच्या पेठेचा सुरतेशीं, मुंबईशीं, नंदुरबारच्या आडतीशीं काय व्यवहार होता, आणि विसाव्या शतकाच्या आरंभीं तापी खोऱ्यांतून आगगाडी धावूं लागल्यावर त्या व्यवहाराची दिशा कशी बदलली, हें इतिहासाच्या पुस्तकांत सांपडणार नाहीं. तें अशा खोक्यांच्या चळतींत सांपडेल.

मग येतात घरगुती कागद. घरखर्चाचें खातें, त्यांत वैद्याच्या पुड्या आणि पुढें डॉक्टरांचें बिल, मुलाच्या शाळेची फी, यात्रेचा खर्च, विधवा बहिणीला दरमहा पाठविलेले रुपये. धर्मादायाचें खातें, ज्यांतून पांजरपोळाला किंवा पाणपोईला रक्कम जाई. आणि पत्रें: आडत्याचीं, व्याह्यांचीं, मामलेदार कचेरींतलीं, जंगल खात्याचीं. एकाच दोरींत बांधलेला हा संसार आहे. कोणता कागद धंद्याचा आणि कोणता घरचा, हा भेद त्या व्यापाऱ्यानेंही केलेला नसतो.

आतां अशी कल्पना करा कीं, १९३५ ते १९६० या पंचवीस वर्षांच्या वह्या एकामागून एक आपल्यापुढें मांडल्या आहेत. शतकाच्या मध्यावर देशांत जीं स्थित्यंतरें झालीं, त्यांतील प्रत्येकाचा ठसा या पानांवर शोधतां येईल. तळोदा तालुक्यांतील मोरवडचे गुलाम महाराज यांनीं आदिवासींना दारू सोडण्याचा उपदेश केला. एकमेकांना 'आप' म्हणून मान द्यावा अशी शिकवण दिली. आणि त्यांच्याभोंवतीं हजारोंचा समुदाय जमला. १९३८ मध्यें ते निवर्तले. या चळवळीचें बळ किती होतें, तें भक्तांच्या आठवणींतून कळतें, सरकारी अहवालांतूनही कळतें. परंतु दारूच्या दुकानदाराचा त्या सालचा रोजमेळ मिळाला, तर तो कोणाची भीडमुर्वत न ठेवतां साक्ष देईल. पुढें महायुद्ध आलें. धान्यावर नियंत्रणें आलीं, परवाने आले. १९४६ च्या जानेवारींत पांचशें, हजार आणि दहा हजार रुपयांच्या नोटा सरकारनें चलनांतून रद्द केल्या. त्याच सुमारास मुंबई सावकारी कायदा, १९४६ हा मंजूर झाला. सावकाराला परवाना बंधनकारक झाला, रोकडवही व खातेवही ठरल्या नमुन्यांत ठेवणें भाग पडलें, आणि ऋणकोला हिशेबाचा उतारा देण्याची जबाबदारी त्याच्यावर आली.

लाकडाच्या धंद्याला तर याहून मोठा धक्का बसला. तोंपर्यंत जंगलाचे कूप लिलावांत ठेकेदार घेत, आणि झाडें तोडणारा आदिवासी हा त्यांचा मजूर असे. १९४७ मध्यें बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळांत मुंबई सरकारनें हे कूप जंगल कामगारांच्या सहकारी संस्थांना देण्याचें धोरण सुरू केलें. कालपर्यंत ज्याचें नांव ठेकेदाराच्या वहींत मजुरीच्या रकान्यांत होतें, तो आतां सोसायटीचा सभासद होऊं लागला. हा बदल कागदावर किती झाला आणि प्रत्यक्षांत किती, हें पाहावयाचें तर सोसायटीचें दप्तर आणि जुन्या ठेकेदाराची वही हीं दोन्हीं शेजारीं शेजारीं ठेवलीं पाहिजेत. शेवटीं १ एप्रिल १९५७ रोजीं आणे आणि पै जाऊन नवे पैसे आले, व रकान्यांची आंखणी सुद्धां पालटली. पुढें मण-शेर जाऊन किलो आले. एका लहानशा पेढीच्या माळ्यावर एवढें सगळें असूं शकतें.

येथवर मीं व्यापाऱ्याच्या कागदांची थोरवी सांगितली. परंतु या नाण्याची दुसरी बाजू न सांगणें हा अप्रामाणिकपणा होईल. ही वही ज्यांच्या नांवानें भरली, त्यांना ती कशी दिसे? १८७५ च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकरी सावकारांवर उठले, आणि तें लोण पुणें व अहमदनगर जिल्ह्यांतील गांवोगांवीं पसरलें. त्यांनीं विशेषेंकरून काय मागितलें? खतें आणि हिशेबाचे कागद. ते हातीं आले तेथें त्यांची होळी केली, आणि कागद मिळाल्यावर बहुतेक ठिकाणीं ते सावकाराच्या जिवावर उठले नाहींत. निरक्षर माणसाला वाचतां येत नव्हतें, पण आपल्याला बांधणारी दोरी कोणती, हें त्याला नेमकें कळलें होतें. या उठावाच्या चौकशींतून १८७९ चा दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा निघाला, आणि कर्जखताच्या पाठीमागें जाऊन मूळ व्यवहार काय होता तें पाहण्याचा अधिकार न्यायाधीशाला मिळाला.

शहादा-तळोदा भागांत हा प्रश्न जवळजवळ शंभर वर्षांनंतर पुन्हां पेटला. कर्ज, गहाण, नांवावरची फेरफार अशा वाटांनीं भिल्लांच्या जमिनी दुसऱ्यांच्या ताब्यांत गेल्या होत्या, आणि आपल्याच जुन्या शेतांत ते सालदार म्हणून राबत होते. अंबरसिंग सुरतवंती यांच्यासारखे कार्यकर्ते पुढें आले. १९७२ सालीं भूमुक्ति परिषद भरली, श्रमिक संघटना स्थापन झाली, आणि तळोद्याचें नांव सबंध महाराष्ट्राच्या कानीं गेलें. त्यानंतर आदिवासींच्या जमिनी परत करण्याविषयींचा कायदा झाला. त्यानें १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या मुदतींत बिगर आदिवासींकडे गेलेल्या जमिनींचा विचार केला. योगायोग पाहा: ज्या दिवशीं व्यापाऱ्याच्या वहींत आण्यांच्या जागीं नवे पैसे आले, त्याच दिवसापासून कायद्याची ही मुदत मोजली जाते.

यामुळें आजच्या वारसांच्या मनांत एक संकोच असतो, आणि तो समजण्यासारखा आहे. आजोबांच्या वहींत काय निघेल कोण जाणे! चढतें व्याज निघेल, कोणाच्या तरी बापाचा अंगठा निघेल, एखाद्या शेताचा सर्व्हे नंबर निघेल. त्यापेक्षां ती जाळून टाकलेली बरी, असें कित्येकांस वाटतें. दुसरे कांहीं निराळी युक्ति करतात. कलेक्टरांचें अभिनंदनाचें पत्र, शाळेस दिलेल्या देणगीची पावती, पुढाऱ्याबरोबरचें छायाचित्र एवढेंच काढून ठेवतात, आणि बाकीचें वाहत्या पाण्यांत सोडतात. माझ्या मतें पहिल्यापेक्षां हा दुसरा मार्ग अधिक वाईट. जाळलेलें दप्तर निदान खोटें बोलत नाहीं. निवडलेलें दप्तर मात्र बोलतें.

मग या वहींतली नोंद खरी मानावी कीं खोटी? या बाबतींत आपल्या कायद्यानें घालून दिलेली शिस्त मला फार मोलाची वाटते. १८७२ च्या भारतीय पुराव्याच्या कायद्यांत चौतिसावें कलम होतें. धंद्याच्या ओघांत नियमितपणें ठेवलेल्या हिशेबाच्या वहींतील नोंद न्यायालयानें विचारांत घ्यावी. परंतु केवळ तेवढ्याच नोंदीवरून कोणावरही देणें लादूं नये, असें त्याचें तात्पर्य. २०२३ मध्यें जुन्या कायद्याच्या जागीं भारतीय साक्ष अधिनियम आला, त्यानेंही हेंच तत्त्व कायम ठेवलें आहे. वही ही साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे. तिचें ऐकावें, पण तिला दुसऱ्या कशाचा तरी दुजोरा मागावा. इतिहास वाचणाऱ्यानेंही याहून निराळा नियम कशाला करावा? व्यापाऱ्याची बाजू खोटीच असणार असें म्हणून वही फेंकून देणें चूक, आणि लिहिलें आहे तेवढेंच खरें मानणेंही चूक. वहीच्या शेजारीं तलाठ्याचा सातबारा ठेवावा, कोर्टाचा निकाल ठेवावा, जंगल खात्याचा पास ठेवावा, आणि त्या कुळाच्या घरांत अजून सांगितली जाणारी आठवणही ठेवावी. दुजोरा मिळाला तर व्यापाऱ्याची अब्रू वाढेल. न मिळाला तर ऋणकोला न्याय मिळेल. दोहोंपैकीं कांहीं झालें तरी सत्याचा तोटा नाहीं.

शिवाय एक गोष्ट विसरूं नये. ज्या माणसाच्या पूर्वजांनीं स्वतः कांहीं लिहिलें नाहीं, त्याला आपल्या आजाचें नांव, गांव आणि साल एकत्र लिहिलेलें पाहावयाचें असेल, तर तें कोठें मिळेल? जन्ममृत्यूची नोंद नसेल, शाळेचा दाखला नसेल. पण मीठ उधार घेतल्याची नोंद असूं शकेल. ज्या वहीनें त्या आजाला बांधलें, तिनेंच त्याचें नांव राखलें. ती वही व्यापाऱ्याच्या वारसाच्या मालकीची आहे खरी. परंतु तिच्यांत ज्यांचीं नांवें आहेत त्यांचाही तींत कांहीं वांटा आहे, असें मला नम्रपणें म्हणावयाचें आहे.

आतां व्यवहाराचें बोलूं. ज्या घरांत असें दप्तर असेल त्यांनीं काय करावें? पहिली गोष्ट, बांधलेल्या गठ्ठ्यांचा क्रम मोडूं नये. कोणता कागद कशाबरोबर होता, यांतच अर्धा अर्थ असतो. साफसफाईच्या उत्साहांत सारीं पत्रें एकीकडे आणि सारीं बिलें दुसरीकडे केलीं, तर तो अर्थ कायमचा जातो. दुसरी गोष्ट, फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावूं नये आणि प्लॅस्टिकच्या पिशवींत कागद कोंडूं नयेत. कोरड्या, हवेशीर जागीं सुती कापडांत बांधून ठेवावे. तिसरी गोष्ट, घरांतील वडील माणूस मोडी किंवा महाजनी लिपी वाचणारें असेल, पेढीवरचे संक्षेप जाणणारें असेल, तर त्याच्याजवळ आजच बसावें. अमुक खूण म्हणजे काय, अमुक 'भाई' म्हणजे कोण, हें त्याच्यामागें कोणी सांगूं शकणार नाहीं. मुलूख खानदेशचा, लिपी गुजराती आणि आंकडे निराळेच, अशा वह्या वाचणारीं माणसें आतां फार थोडीं राहिलीं आहेत.

चौथी गोष्ट सर्वांत नाजूक आहे. घरीं सांभाळणें शक्य नसेल तर दप्तर संस्थेच्या स्वाधीन करावें, पण तें अटी घालून. इतिहासाचार्य राजवाडे यांनीं आयुष्यभर गांवोगांवच्या माळ्यांवरून कागद गोळा केले, आणि त्यांच्या नांवानें धुळ्यास १९२७ पासून संशोधन मंडळ उभें आहे. मोठमोठ्या कंपन्याही आतां जाग्या झाल्या आहेत. टाटांचा पुराभिलेख संग्रह पुण्यास आहे, गोदरेजांचा मुंबईस. जगांत सर्वत्र अशी वहिवाट आहे कीं, देणारा मनुष्य ठराविक वर्षें कांहीं कागद बंद ठेवण्याची अट घालूं शकतो. ती अट जरूर घालावी. कोणा गरिबाच्या कर्जाचा आंकडा आणि त्याचें नांव चव्हाट्यावर येऊं नये, ही काळजी जितकी व्यापाऱ्याच्या प्रतिष्ठेची घ्यावी तितकीच त्या गरिबाच्या प्रतिष्ठेचीही घ्यावी. मात्र अटींत एक कलम उलट बाजूचेंही असावें: वहींत ज्याच्या घराण्याचें नांव आहे, तो मनुष्य आपलें पान पाहावयास आला, तर त्याला तें दाखविलें जावें. एवढें कलम घातलें, तर अशा देणगीला केवळ विद्वानांच्या सोयीपेक्षां मोठा अर्थ येईल.

तळोद्याच्या लाकूडपेठेचें पूर्वीचें वैभव आज राहिलेलें नाहीं. जंगल विरळ झालें, धंद्यांची तऱ्हा बदलली, आणि हिशेब वहींतून यंत्रांत गेले. जुन्या पिढीच्या हातच्या वह्या ज्या कांहीं उरल्या असतील, त्या उरल्या असतील. नव्या आतां होणार नाहींत. आणि हें केवळ तळोद्यापुरतें नाहीं. आज माझें बोलणें ऐकणाऱ्या शहरांतील कित्येक कुटुंबांचें मूळ अशाच एखाद्या पेठेंत आहे, आणि त्यांतील कित्येकांच्या गांवच्या घरीं, किंवा शहरांतल्या बिऱ्हाडींही पलंगाखालच्या ट्रंकेंत, असे कागद पडून आहेत. येत्या दिवाळीच्या आधीं घरांत आवराआवर होईल, तेव्हां ती ट्रंक रद्दींत देण्यापूर्वीं एक दुपार तिच्यासाठीं काढावी. पहिली वही उघडावी, जमेची बाजू वाचावी. आणि नांवेची बाजूही, तितक्याच सावकाश, वाचावी.